यापुढे विनाकारण मारणार नाही

मी ज्या केंद्रात नोकरीला लागले, तिथे मोडलेले संसार जोडून मिळत. पाटीवर तसं लिहिलेलं नव्हतं. पाटीवर ‘महिला व बालक साहाय्य केंद्र’ एवढंच होतं. पण मॅडमनी पहिल्याच दिवशी मला समोर बसवून सांगितलं, “हे बघ, बाई आपल्याकडे येते तेव्हा तिला नवरा नको असतो. आठवड्याभराने हवा असतो. आपण फक्त तो आठवडा सांभाळायचा.” मी वहीत लिहून घेतलं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि सगळंच लिहून घ्यायची.

केंद्र म्हणजे दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज यायचा आणि बाहेर बाकावर बसलेल्या बाया उगाचच गाल धरून बसायच्या. भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं, त्यावर लिहिलं होतं ‘मनमोकळं बोला’. त्याच्याच खाली दुसरा कागद डकवला होता : ‘कृपया शांतता राखा’.

आमच्या नोंदवहीत शेवटचा रकाना निष्पत्तीचा. त्यात दोनच शब्द चालायचे, ‘समेट’ किंवा ‘इतर’. बाई कोर्टात गेली, इतर. माहेरी गेली, इतर. एकीच्या नावापुढे माझ्या आधीच्या कार्यकर्तीच्या सुबक अक्षरात ‘इतर’ लिहिलेलं होतं. मी चौकशी केली. ती बाई वारली होती.

चष्मेवाली पहिल्यांदा आली ती दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. अंगात दुकानाचा निळा कोट, खिशात बारीक स्क्रू-ड्रायव्हर. तिच्या स्वतःच्या चष्म्याची उजवी काडी मात्र दोऱ्याने बांधलेली होती.

मी फॉर्म पुढे ओढला. “इजा कशी झाली, ताई?”

तिने चष्मा काढून माझ्या टेबलावर ठेवला. “हे बघा. चष्म्यावर कोणी बसलं तर दोन्ही काड्या फाकतात. हातातून पडला तर काचेचा टवका उडतो. हा उजवीकडून आत दबलाय. म्हणजे समोरच्याने डाव्या हाताने लगावली. आमचे हे डावखुरे आहेत.”

फॉर्ममध्ये एवढं लिहायला जागा नव्हती. मी ‘शारीरिक’ या शब्दापुढे खूण केली.

नवऱ्याला बोलावलं. तो विमा एजंट होता. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर. बायकोसाठी त्याने दार धरून ठेवलं. मग मला म्हणाला, “ताई, जरा पाणी मिळेल का? हिला हो, मला नको.” मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ होता : शीक.

खोलीत एकच सोफा होता आणि तो मुद्दामच एक होता. मॅडमचं म्हणणं, नवरा-बायको एका सोफ्यावर बसले की निम्मं काम झालं. चष्मेवाली सोफ्याच्या एका टोकाला अशी बसली होती की अजून जरा सरकली असती तर खालीच गेली असती.

“चुकलो मॅडम,” विमेवाला म्हणाला. “माणूस आहे. डोक्यात कामाचा ताण. घरी यावं तर ही गप्प. विचारलं तर बोलत नाही. न विचारलं तर बोलते.”

मॅडमनी मान हलवली. “ताई, तुम्ही त्यांना समजून घ्यायला हवं.” मग मला म्हणाल्या, “हमीपत्र लिही. ‘यापुढे मी माझ्या पत्नीला मारणार नाही.’”

विमेवाल्याने नम्रपणे बोट वर केलं. “एक विनंती होती. आमच्या धंद्यात कागदाला फार किंमत. जे लिहितो ते मी पाळतो. आता उद्या समजा, तसंच काही कारण घडलं, तर मी खोटा पडेन. तेव्हा ‘विनाकारण’ एवढा एक शब्द घालता येईल का?”

मॅडम माझ्या कानाशी लागल्या. “प्रामाणिक आहे गं. बाकीचे बेधडक सही करतात आणि घरी जाऊन मारतात.”

तर मी लिहिलं, ‘यापुढे मी माझ्या पत्नीला विनाकारण मारणार नाही.’ माझं अक्षर चांगलं आहे.

“आणि कारण आहे की नाही, हे कोण ठरवणार?” चष्मेवालीने विचारलं.

“संसारात एवढा कीस काढायचा नसतो, ताई,” मॅडम म्हणाल्या.

तिच्या वाट्याचं हमीपत्र छापीलच असायचं. मी उलट बोलणार नाही, वेळेवर घरी येईन, सासू-सासऱ्यांची सेवा करीन. तिचे सासू-सासरे दोघेही लग्नाआधीच गेले होते. पण नमुना तो नमुना. तिने सही करायला इकडेतिकडे पाहिलं, तेव्हा मी माझं पेन पुढे केलं.

महिनाअखेरीच्या अहवालात तो समेट गेला. मॅडमनी त्या आठवड्यात त्याच्याकडून स्वतःचा आयुर्विमाही उतरवून घेतला. “आयुष्याचा काही भरवसा नाही, असं किती छान समजावून सांगतो,” त्या म्हणाल्या.

चार महिन्यांनी चष्मेवाली परत आली, तेव्हा मनगट प्लास्टरमध्ये होतं. बारीक स्क्रू धरता येत नाहीत म्हणून दुकानदाराने तिला गल्ल्याशेजारी नुसतं उभं केलं होतं. विमेवाल्याला बोलावलं तर तो हमीपत्राची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून घेऊन आला. प्रत! आमच्याकडेही ती सापडत नव्हती.

“मॅडम, शब्द वाचा,” तो म्हणाला. “विनाकारण. मी विनाकारण काही केलेलं नाही. मी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होतो, हिने मिक्सर लावला. सलग दोनदा.”

मॅडमनी चष्मा लावून कागद वाचला, पुन्हा वाचला. “शब्दशः पाहिलं तर हमीचा भंग झालेला नाही,” त्या म्हणाल्या. मला वाटलं चष्मेवाली उठून जाईल. ती उठली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं आणि मी पटकन फॉर्ममध्ये डोकं घातलं.

नवीन हमीपत्र झालं. या वेळी ‘मिक्सरचा वापर परस्पर संमतीने’ हेही त्यात आलं. नोंदवहीत ‘पुन्हा आलेली’ असा रकानाच नव्हता, त्यामुळे तिला नवा क्रमांक मिळाला, नवीन घर धरलं गेलं आणि तेही जोडलं गेलं. एकाच बाईची आम्ही दोन घरं वाचवली होती.

हे सगळं मी रात्री जेवताना सासूबाईंना सांगायची. सासूबाई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्यातली बारा अपघात विभागात. त्या माझं सगळं ऐकून घ्यायच्या आणि ताटातलं संपवायच्या. मिक्सरचं ऐकल्यावर मात्र त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

“दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलंय? मनगट कशाने मोडलं?”

“बाथरूममध्ये घसरून पडल्या, असं.”

“कोणी लिहिलं?”

“नवराच घेऊन गेला होता, त्याने सांगितलं.”

“माझ्या बारा वर्षांत या गावातल्या सगळ्या बाथरूम फक्त बायकांनाच पाडायच्या,” सासूबाई म्हणाल्या. “पुढच्या वेळी तू ने तिला. आणि पुढची वेळ येणार आहे, तेव्हा तोंड असं करू नकोस.”

पुढची वेळ आली तेव्हा केंद्रात लगीनघाई चालू होती. आमची नव्याण्णव घरं जोडून झाली होती. शंभरावं जोडलं की मोठं सभागृह घेऊन सोहळा करायचा, प्रमुख पाहुणे बोलवायचे, वर्तमानपत्रात फोटो, असं ठरलं होतं. मॅडम दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. आणि दारात चष्मेवाली उभी राहिली. या वेळी ओठ फाटलेला होता आणि सोबत नऊ वर्षांची मुलगी होती.

मुलगी शाळेच्या गणवेशात, दप्तर पोटाशी धरलेलं. तिला पाहून मॅडमना आठवलं की आपल्या पाटीवर ‘बालक’ असाही शब्द आहे. त्यांनी लगेच बालतज्ज्ञ बाईंना फोन केला. बालतज्ज्ञ बाई महिन्यातून दोनदा यायच्या, गळ्यात मोठमोठे मणी, पिशवीत रंगखडू. त्यांनी मुलीला एका टेबलाशी बसवलं आणि आवाज मधाचा केला.

“बेटा, तुझ्या मनातलं घर काढ हं. घाई नाही.”

मुलीने पट्टी मागून घेतली आणि सात मजली इमारत काढली. प्रत्येक मजल्याला चार खिडक्या, मधोमध लिफ्ट. बालतज्ज्ञ बाईंनी कागद उजेडाकडे धरला, आडवा केला, पुन्हा उभा केला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “लिफ्ट बघितलीस? बंद जागा. दडपण आहे. खिडक्यांना पडदे नाहीत, म्हणजे सुरक्षिततेचा अभाव. अजून चार-पाच सत्रं लागतील, मग ती हळूहळू खुलेल.”

मुलगी मागून ऐकत होती. ती म्हणाली, “पडदे काढायचे राहिलेत. मला वेळ कमी पडला.” आणि मग, “काकू, तुम्हाला बाबांबद्दल विचारायचंय का? मग सरळ विचारा ना.”

बालतज्ज्ञ बाई गोंधळल्या. “असं थेट विचारायचं नसतं, बेटा.”

“का?”

बालतज्ज्ञ बाई पिशवीत रंगखडू शोधू लागल्या. मी खाली वाकले आणि विचारलं, “बाबा तुला मारतात का?”

“हो.”

“कशाने?”

“पट्ट्याने. पण फक्त पाठीवर. हातावर केलं तर शाळेत दिसतं ना.” हे तिने असं सांगितलं जसं दुसऱ्या मुलीने सांगावं, की आमच्याकडे ओल्या छत्र्या बाहेर ठेवतात.

चष्मेवाली भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पाहून माझ्या लक्षात आलं की तिला हे माहीत नव्हतं. ती संध्याकाळी सातपर्यंत दुकानात असायची. विमेवाला चारला घरी यायचा, मुलीचा अभ्यास घ्यायला. तिने कोटाच्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हर मुठीत घट्ट धरला होता आणि ती मुलीला एवढंच म्हणाली, “मला का नाही सांगितलंस गं?”

“तुला आधीच खूप लागलेलं असतं,” मुलगी म्हणाली.

मी त्याच दिवशी बालसंरक्षण कार्यालयाला अहवाल पाठवला, तातडीचा म्हणून. कार्यालयाने तातडीने, अकराव्या दिवशी, उत्तर दिलं : बालकास आई व वडील अशा दोन्ही पालकांच्या लेखी संमतीने, कार्यालयीन वेळेत, समक्ष हजर करावे. ते पत्र मी मॅडमना दाखवलं. मॅडम म्हणाल्या, “बघ, म्हणूनच आधी समेट लागतो. वडिलांची संमती घ्यायची तर वडील बरोबर हवेत.”

चष्मेवालीला मी तिच्या दुकानाच्या मागच्या दारी गाठलं. माझ्याबरोबर सासूबाई होत्या. सासूबाईंनी तिला आणि मुलीला आपल्या जुन्या दवाखान्यात नेलं, ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे. भरत आलेला ओठ, खांदा, मुलीची पाठ, सगळं मोजून, फोटो काढून, सहीशिक्क्यानिशी कागदावर आलं. त्यात बाथरूमचा उल्लेख नव्हता. मग सासूबाईंनी दुसऱ्या शहरातल्या एका निवाऱ्याला फोन लावला, तिथली प्रमुख त्यांच्या हाताखाली शिकलेली होती. दोघींना जागा होती. प्रश्न एवढाच होता की निघायचं कसं. विमेवाल्याचं काम फिरतीचं, तो केव्हाही घरी टपकायचा, केव्हाही दुकानावरून चक्कर मारायचा. गेल्या वर्षी ती एकदा बस-स्टँडपर्यंत पोहोचली होती, तिथून त्याने तिला परत आणलं होतं.

“सभागृहात कार्यक्रम आहे ना तुमचा?” चष्मेवालीने विचारलं. “मॅडम यांना मंचावर बसवणार म्हणाल्या. ‘परिवर्तित पती’ म्हणून.”

“हो. तुम्ही शंभरावं घर आहात.”

“मंचावर किती वेळ बसायचं असतं?”

“प्रमुख पाहुणे एकदा बोलायला लागले की तासभर तरी.”

“आणि मधेच उठता येतं?”

“पाहुण्यांच्या भाषणात? मंचावरून? छे.”

“मग तुम्ही समेट लिहून टाका,” ती म्हणाली. “आणि तोच दिवस धरा.”

मी तिसरं हमीपत्र लिहिलं. मुलीने शाळेतून थेट दुकानात आईकडे जायचं, हेही त्यात घातलं. विमेवाल्याने ‘विनाकारण’ हा शब्द आहे ना, हे तपासून सही केली. मॅडमनी शंभर आकड्याभोवती लाल गोल काढला.

पुढच्या तीन आठवड्यांत चष्मेवालीने एकेक कागद घराबाहेर काढला. मुलीचा जन्मदाखला, शाळेचं प्रगतिपुस्तक, ओळखपत्रं, दवाखान्याचे कागद. ते ती बारीक घडी घालून चष्म्याच्या डब्यांत ठेवायची आणि डबे दुकानात न्यायची. विमेवाला तिची पर्स रोज उघडून बघायचा, पण चष्मेवालीच्या पर्समध्ये चष्म्याचा डबा असणारच, यात त्याला काही वाटायचं कारण नव्हतं. कपडे कोणतेच घ्यायचे नाहीत असं ठरलं. मुलीने फक्त पट्टी आणि कंपासपेटी घ्यायची परवानगी मागितली.

सोहळा शनिवारी सकाळी अकराला होता. सभागृह भरलं होतं, म्हणजे आम्ही भरलं होतं. शेजारच्या नर्सिंग कॉलेजच्या मुली हजेरीच्या बोलीवर आणल्या होत्या. मंचावर फुलांची आरास, मागे कापडी फलक : ‘शंभर घरं, शंभर हास्यं’. खुर्च्यांची व्यवस्था माझ्याकडे होती. मी विमेवाल्याला मंचावर मॅडमच्या आणि प्रमुख पाहुण्यांच्या बरोबर मधे बसवलं, समोर टेबल, टेबलाला खालपर्यंत कापड. त्याला फार आवडलं. त्याने बायको-मुलीला पहिल्या रांगेत बसवून घेतलं होतं, आपल्या डोळ्यांसमोर.

आधी मॅडम बोलल्या. मग विमेवाला बोलला, आणि चांगला बोलला. राग हा कसा क्षणाचा असतो, बायको ही कशी घराचं छत असते, आणि छताचा विमा काढता येतो पण प्रेमाचा काढता येत नाही. नर्सिंगच्या मुलींपैकी दोघींनी डोळे पुसले. टाळ्या झाल्या. मग प्रमुख पाहुणे उठले, त्यांनी कोटाच्या खिशातून कागदांची जाड घडी काढली आणि म्हणाले, “मी दोनच शब्द बोलणार आहे.”

मी पहिल्या रांगेशी गेले आणि मोठ्याने, मंचावर ऐकू जाईल असं म्हणाले, “ताई, पुष्पगुच्छ तुमच्या हस्ते द्यायचाय. आत येऊन तयार राहा. छोटीलाही आणा.” विमेवाल्याने वरून मान डोलवली. त्याने परवानगी दिली, असं म्हणायला हरकत नाही.

मंचामागची खोली, तिथून अरुंद जिना, जिन्याखाली मागचं दार. दाराबाहेर सासूबाई टॅक्सीत बसून होत्या, मांडीवर चष्म्याचे सात डबे. चष्मेवालीने माझा निरोप वगैरे घेतला नाही. तिने मुलीला आत ढकललं, स्वतः बसली आणि दार ओढून घेतलं. सासूबाई चालकाला म्हणाल्या, “जरा माणसासारखी चालव आणि कुठे थांबू नकोस.” टॅक्सी कोपऱ्यावरून वळली. मी पायरीवरच बसले. आतून प्रमुख पाहुण्यांचा आवाज येत होता. ते स्त्रीच्या सोशिकपणावर आले होते.

ते एक तास दहा मिनिटं बोलले. मी त्यांच्याविषयी इतर काहीही म्हणेन, पण त्या सत्तर मिनिटांसाठी मी त्यांची ऋणी आहे. चाळिसाव्या मिनिटाला विमेवाला चुळबुळ करू लागला. त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा तो अर्धवट उठला, तेव्हा पाहुण्यांनी भाषण न थांबवता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “हे बघा, हे आजचे खरे सत्कारमूर्ती!” फोटो काढणारा पुढे धावला. विमेवाला बसला आणि हसला. तो फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला.

शेवटी मॅडमनी माईकवरून जाहीर केलं, की आता सत्कारमूर्तींच्या सौभाग्यवती आपल्या पतीला पुष्पगुच्छ देतील. कोणी आलं नाही. मॅडमनी मला हाताने खूण केली. मी मंचावर जाऊन त्यांच्या कानात सांगितलं, “त्या गेल्या.”

“कुठे? टॉयलेटला?”

“नाही. घर सोडून.”

मॅडमच्या चेहऱ्यावरचे भाव मी विसरणार नाही. राग नव्हता, भीती नव्हती. त्या दुखावल्या होत्या. “कार्यक्रमाच्या मधे?” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तो पुष्पगुच्छ उचलून स्वतःच विमेवाल्याला दिला. सोबत ‘आदर्श परिवर्तन’ असं प्रमाणपत्र.

सोमवारी तो केंद्रात आला. इस्त्रीचा शर्ट तोच, पण आवाज आम्ही कोणी न ऐकलेला. बाकावरच्या बाया उठून जिन्यापर्यंत गेल्या. ती कुठे आहे हे मी सांगणार नाही म्हटल्यावर त्याने माझ्या दिशेने हात उगारला, मॅडम मधे पडल्या आणि त्याची मूठ मॅडमच्या टेबलावर आदळली. टेबलावरची काच मधोमध फुटली. काचेखाली मॅडमचे पाहुण्यांबरोबरचे फोटो होते.

मॅडम फुटलेल्या काचेकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी फोन उचलला आणि पोलिसांना बोलावलं. पोलीस बारा मिनिटांत आले. मी घड्याळ पाहिलं होतं. कार्यालयीन मालमत्तेच्या नुकसानीबद्दल गुन्हा नोंदवला गेला. ओठ, मनगट, खांदा आणि एका मुलीची पाठ यांना जे दीड वर्षात जमलं नव्हतं, ते चार फूट काचेने अर्ध्या दिवसात जमवलं.

मला कारणे दाखवा नोटीस आली. मी दोन पानी कारणं दाखवली. त्यानंतर मला दप्तरखान्यात बसवण्यात आलं, जिथे खिडकी नव्हती, पण जुन्या नोंदवह्या सगळ्या होत्या. त्या मी एकेक करून वाचल्या. ज्या बायांना दुसरा, तिसरा, एकीला तर पाचवा क्रमांक दिला होता, त्यांची यादी केली. आमची शंभर घरं मोजून एकसष्ट भरली.

पुढे चष्मेवालीने संरक्षणासाठी आणि मुलीच्या ताब्यासाठी दावा लावला. कोर्टात विमेवाल्याच्या वकिलाने ते प्रमाणपत्र सादर केलं, की अशील सुधारलेला आहे, संस्थेनेच गौरव केलाय. चष्मेवालीच्या वकीलबाईंनी तीन हमीपत्रं आणि डॉक्टरीणबाईंचे कागद पुढे ठेवले. न्यायाधीशबाईंनी पहिलं हमीपत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“‘विनाकारण मारणार नाही.’ म्हणजे सकारण मारणार, असं कबूल केलंय?”

“ते मी नाही लिहिलं,” विमेवाला घाईने म्हणाला. “ते केंद्राने लिहून दिलं.”

“अक्षर कोणाचं आहे?”

मॅडम छताकडे बघत होत्या. मी उभी राहिले. “माझं,” म्हणाले. “तिन्ही माझी.”

न्यायाधीशबाईंनी माझं नाव टिपून घेतलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. निकाल असा लागला, की मुलगी आईकडे राहील, विमेवाल्याने दोघींच्या आसपास फिरकायचं नाही, आणि महिन्यातून एकदा अधिकाऱ्यासमोर मुलीला भेटायचं. भेटीला तो दोनदा आला. तिसऱ्यांदा त्याला विम्याचं काम निघालं, मग पुढे निघतच राहिलं.

सात-आठ महिन्यांनी मी त्या शहरात गेले. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं ती मला पाहून गहिवरेल. ती एका मोठ्या दुकानात काचा बसवत होती. एका खोलीचं बिऱ्हाड, गॅलरीत दोन दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. तिने चहा केला, कप समोर ठेवला आणि समोर बसली.

“एक विचारू?” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी मी चष्मा काढून दाखवला होता. तुम्हाला कळलं होतं ना?”

“कळलं होतं.”

“तरी पेन दिलंत.”

“दिलं.”

“बरं,” ती म्हणाली. “तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. त्यांच्यासाठी वाचायचा चष्मा केलाय, तो घेऊन जा.” मग दुकानात जायची वेळ झाली म्हणून ती उठली. जाताना तिने माझा कप विसळला, माझ्याशी नीट बोलली, जिना उतरताना अंधार आहे सांभाळा म्हणाली. पण तिने मला पुन्हा या असं म्हटलं नाही, आणि तिच्या जागी मीही म्हटलं नसतं.

बस-थांब्यापर्यंत मला सोडायला मुलगी आली. वाटेभर ती नव्या शाळेच्या कागाळ्या सांगत होती. गणिताच्या बाई भागाकाराची पायरी गाळतात आणि हिने दाखवून दिलं तर रागावतात.

“तू मग गप्प बसतेस?”

“नाही. पुन्हा दाखवते.”

बस येईपर्यंत आम्ही उभ्या राहिलो. ती म्हणाली, “काकू, पुढच्या वेळी येताना आधी फोन करा हं. अचानक दाराची कडी वाजली की आई खुर्चीच उचलते.”

“आणि तू?”

“मी नाही घाबरत,” ती म्हणाली. मग जरा विचार करून, “म्हणजे, आता कमी.”